सातबाऱ्याआधीची नोंद

रामनवमीच्या दिवसांत मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला गेलात, तर दर्शन आटोपल्यावर लगेच परतीची गाडी धरू नका. झाडांच्या सावलीत, जिथं शिदोऱ्या सुटलेल्या असतात, तिथं थोडं टेका. पुसदकडच्या बंजारा तांड्यातली एखादी म्हातारी आणि तेलंगणातून आलेली दुसरी, अशा दोघी शेजारीशेजारी बसलेल्या दिसतील. दोघींनी आयुष्यात एकमेकींना पाहिलेलं नसतं. एकीच्या गावातल्या पाट्या मराठीत, दुसरीच्या तेलुगूत. त्यांच्या शाळकरी नातवंडांनी घरच्या बोलीत एकमेकांना चिठ्ठ्या लिहिल्या तर त्या वाचता येणार नाहीत, कारण गोरमाटीला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, कर्नाटकात कन्नड लिपीत, तेलंगणात तेलुगूत. आज्यांना मात्र कसलीच अडचण येत नाही. गोत कुठलं, माहेर कुठलं, लेकी कुठं दिल्या, सासऱ्याचा तांडा आधी कुठं होता, तिथून का उठला. प्रश्नातून प्रश्न निघत जातो आणि बोलताबोलता दोघींच्या मधे एखादी आत्या सापडते, एखादा कधीच वारलेला मामा सापडतो, निदान दोघींच्या पूर्वजांनी पाणी प्यालेली एखादी विहीर तरी सापडतेच. मग त्या परक्या राहत नाहीत.

मला याचं कमालीचं आश्चर्य वाटतं. एक समाज कित्येक पिढ्या पाच-सहा राज्यांत विखुरलेला राहतो. त्याच्याजवळ सामाईक जमीन नव्हती, किल्ला नव्हता, दप्तर नव्हतं, छापलेलं पुस्तक तर फार उशिरा आलं. तरीही हा समाज एकमेकांना ओळखतो. कशाच्या बळावर? सेवालाल महाराजांवरची श्रद्धा हे एक उत्तर आहे आणि ते खरंच आहे. त्यांचा जन्म १५ फेब्रुवारी १७३९ चा मानतात, जन्मठिकाण दूर कर्नाटकात सुरगोंडनकोप्प इथं, आणि समाधी इथं पोहरादेवीला. म्हणून तर या गावाला बंजाऱ्यांची काशी म्हणतात. शेजारच्या उमरीलाही सामकी माता आणि जेतालाल महाराजांच्या दर्शनाला लोक जातात. पण श्रद्धा माणसांना एका जागी आणते. एकमेकांत गुंतवायला आणखी काहीतरी लागतं. ते म्हणजे त्या दोन आज्यांचं बोलणं, आपापल्या आयुष्याची हकीकत सांगणं. माझं म्हणणं असं की या समाजाच्या बाबतीत हे सांगणं म्हणजे फावल्या वेळची करमणूक कधीच नव्हती. ती त्यांची नोंदवही होती.

का, ते पाहण्यासाठी थोडं मागं जावं लागेल. बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य, लाकूडफाटा लादून बंजारे देशभर फिरत. मोगलांच्या फौजा दक्षिणेत उतरल्या तेव्हा त्यांच्या पाठोपाठ धान्य घेऊन चालणारे हेच. हजारो बैलांचा तांडा चालता असे. नायक पुढं, कारभारी हिशेबाला, पावसाळ्यात मुक्काम, पाऊस उघडला की पुन्हा वाट. अशा जगण्यात भावाचा तांडा पूर्वेला गेला आणि बहिणीचा पश्चिमेला, तर भेट कधी होईल याचा नेम नसे. आणि लग्नं तर जुळवायचीच. एका गोतात सोयरीक चालत नाही. राठोडांची २७, पवारांची १२, चव्हाणांची ६ अशी पाडी मोजतात. त्यांतलं कोण कुणाचं भाऊबंद हे ठाऊक नसेल तर मुलगी कुठं द्यायची? त्यामुळं ‘तू कोण’ या प्रश्नाला नुसतं नाव सांगून भागत नसे. आजोबापणजोबांपर्यंत, कुठून कुठं आलो इथपर्यंत सांगावं लागे. या वंशकथा जपणारे ढाडी आणि भाट तांड्यांच्या आधारानंच जगत. तंटा झाला की नसाब बसे, म्हणजे पंचांची बैठक, आणि तिथंही म्हाताऱ्यांची आठवण हाच मोठा पुरावा. गावात राहणाऱ्या कुणब्याकडं पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरातली नोंद होती, पुढं सातबारा आला. तांड्याची नोंद माणसांच्या तोंडी होती. ती सांगितली नाही तर पुसली जाणार, इतका साधा आणि इतका भयंकर हिशेब.

आता मानोऱ्यापासून फार दूर जाऊ. आफ्रिकेच्या दक्षिणेला बोट्स्वाना आणि नामिबियाच्या सीमेवर जुहोआन्सी लोक राहतात. त्यांचे पूर्वज हजारो वर्षं शिकारीवर आणि रानातल्या कंदमुळांवर जगले. पॉली विस्नर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७४ साली त्यांच्यात राहून त्यांची बोलणी टिपली आणि पुढं कितीतरी वर्षांनी, २०१४ मधे, एक साधी वाटणी करून पाहिली: दिवसा काय बोलतात आणि रात्री शेकोटीभोवती काय बोलतात. दिवसाचं बोलणं आपल्यासारखंच निघालं. कामाचं, खाण्यापिण्याचं, आणि तक्रारींचं तर भरपूर. गोष्टींचा वाटा दिवसा फक्त ६ टक्के होता. अंधार पडून आग पेटली की तोच वाटा ८१ टक्क्यांवर जाई. त्या बहुतेक गोष्टी देवादिकांच्या नव्हत्या. माहितीतल्या माणसांच्या होत्या. कुणाचं लग्न कसं ठरलं, कोण कुठं भांडलं, दूरच्या वस्तीवरच्या अमक्यावर काय प्रसंग आला. समोर नसलेली माणसं त्या गोष्टींतून शेकोटीजवळ येऊन बसत. मग कधी दुष्काळ पडला आणि त्या दूरच्या वस्तीचा आसरा घ्यायची वेळ आली, तर तिथली माणसं अनोळखी नसत.

हे आकडे वाचताना मला तांड्याचा मुक्काम डोळ्यांपुढं दिसतो. बैलांच्या पाठीवरच्या गोण्या उतरवून रचलेल्या, मधे आग. तिथं कुणी शास्त्रज्ञ वही घेऊन बसलेला नव्हता. पण त्या रात्री गोष्टींशिवाय गेल्या असतील, हे मानायला मन तयार होत नाही.

दुसरं उदाहरण फिलिपिन्समधलं आहे. तिथल्या आग्टा लोकांच्या १८ वस्त्यांमधे संशोधकांनी विचारलं, की तुमच्यात चांगली गोष्ट कोण सांगतं? मग तांदळाच्या वाटणीचा एक खेळ मांडला: स्वतःसाठी किती ठेवाल, वस्तीतल्या दुसऱ्याला किती द्याल? ज्या वस्त्यांत चांगले गोष्ट सांगणारे जास्त, त्या वस्त्यांमधले लोक दुसऱ्याला जास्त देत होते. पुढं आणखी विचारलं, की तुम्हाला कुणाबरोबर राहायला आवडेल? गोष्ट सांगणाऱ्यांना इतरांच्या जवळजवळ दुप्पट पसंती मिळाली. अन्न मिळवण्यात हुशार असलेल्यांनाही त्यांनी मागं टाकलं. २०१७ मधे हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पोटाची भ्रांत असलेल्या वस्तीनं शिकाऱ्याआधी कथेकऱ्याला शेजार द्यावा, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते पान पुन्हा वाचून खात्री केली. आग्टांच्या गोष्टी बहुतेक सूर्यचंद्राच्या, प्राण्यांच्या होत्या, आपबीतीच्या नव्हत्या. तेवढा फरक ध्यानात ठेवायला हवा. पण ऐकणाऱ्याच्या मनात जे होतं ते दोन्हीकडं सारखंच असावं. दुसऱ्याच्या जागी थोडा वेळ उभं राहणं, आणि तेही एकट्यानं नव्हे, चारचौघांबरोबर.

पण मला सगळ्यांत थक्क करणारी गोष्ट परदेशातली नाही, आपल्या तांड्यातलीच आहे. तिचं नाव ढावलो.

बंजारा मुलीचं लग्न ठरलं की सासरी जाण्याआधी ती ढावलो म्हणते. आईच्या गळ्यात पडून, मग बापाच्या, भावाच्या, काकीच्या, मैत्रिणींच्या. रडत आणि गात. रडणं आणि गाणं इथं वेगळं काढता येत नाही. चाल पिढ्यान् पिढ्यांची, पण तिच्यात माणसं आणि प्रसंग तिचे स्वतःचे. कुणी तिला खांद्यावर बसवून बाजारात नेलं, कुणी आजारपणात रात्र जागवली, कुणी बोल लावले, हे सगळं ती त्या त्या माणसाला कवेत घेऊन, नाव घेऊन सांगते. म्हाताऱ्या बायका आधी कित्येक दिवस तिला शिकवतात. शब्द नेमका कसा लांबवायचा, हुंदका कुठं घ्यायचा, आणि मनातलं कसं सांगायचं तेही. निघताना बैलाच्या पाठीवर उभं राहून म्हणायची ती हवेली. सगळा तांडा ऐकत असतो.

आता याचा अर्थ नीट पाहा. जिला शाळा नव्हती, पंचायतीत बसायचा हक्क नव्हता, नसाबात जिचा आवाज नव्हता, तिला या समाजानं आयुष्यात एकदा तरी सगळ्यांसमोर स्वतःची कहाणी सांगायची जागा दिली. जागा दिली, चाल दिली, शिकवणारी माणसं दिली आणि ऐकणारेही दिले. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीचं आत्मचरित्र, आणि तेही ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्या गळ्यात पडून. त्यात उपकार फेडले जात, तक्रारीही सांगून होत. ऐकणाऱ्या बायकांना आपली स्वतःची पाठवणी आठवे आणि त्या तिच्याबरोबर रडत. एका मुलीचं दुःख असं सगळ्यांचं होई. जगात आत्मकथेच्या अनेक रीती आहेत. याहून धाडसी रीत मला ठाऊक नाही. आज बऱ्याच लग्नांत डीजेपुढं ढावलो ऐकू येत नाही, आणि लग्न कार्यालयात दोनच्या मुहूर्तावर उरकायचं असतं तेव्हा प्रत्येकाच्या गळ्यात पडायला वेळ कुठला? तरी काही तांड्यांत अजून म्हणतात. ज्या म्हाताऱ्या शिकवू शकतात, त्या अजून आहेत.

स्वतःची कहाणी स्वतः सांगता येणं ही किती मोठी गोष्ट, हे ती दुसऱ्यानं सांगितली की कळतं. १८६७ साली रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली आणि बैलांवरच्या वाहतुकीचा कणा मोडला. त्याच सुमारास वऱ्हाडच्या बंजाऱ्यांवर एक सविस्तर टिपण लिहिलं गेलं. लिहिणारा होता वऱ्हाडच्या पोलीस खात्यातला एन. एफ. कंबरलेज नावाचा अधिकारी. पुढं १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर मोठा ग्रंथ काढला, त्यातही त्याचा आधार घेतला आहे. मोगल सरदार आसफखानाच्या फौजेबरोबर दक्षिणेत आलेल्या जंगी आणि भंगी या नायकांची आठवण त्या जुन्या लिखाणांत जपली गेली; त्याबद्दल त्यांचे उपकार मानायला हवेत. पण पोलिसाच्या नजरेला टोळी दिसते, माणूस दिसत नाही. ‘हे लोक असे असतात’ असंच त्या लिखाणाचं वळण आहे. १८७१ मधे गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि देशाच्या निरनिराळ्या भागांत अनेक भटक्या जमातींवर तो शिक्का जन्मापासूनच बसला. कायदा रद्द होऊन त्या जमाती विमुक्त झाल्या तो दिवस ३१ ऑगस्ट १९५२. महाराष्ट्राच्या यादीत बंजारा समाज आजही विमुक्त जातींमधे आहे.

त्या शिक्क्याला सगळ्यांत ठाम उत्तर मराठीत दिलं ते आत्मकथनांनी. १९७८ मधे दया पवारांचं ‘बलुतं’ आलं. १९८० मधे लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’, १९८७ मधे लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’. १९८९ मधे आत्माराम राठोड यांनी ‘तांडा’ लिहिलं आणि बंजारा जगणं आतून सांगितलं गेलं. या पुस्तकांनी जे केलं ते एखाद्या आयोगाच्या अहवालाला जमलं नसतं. ‘जमात’ या शब्दामागं एक पोरगा उभा राहिला, त्याला भूक होती, त्याची आई कुणाच्या दारात उभी होती, शाळेत त्याला कुठं बसवलं होतं. वाचणाऱ्या सवर्णाला लाज वाटली, ती एक गोष्ट झाली. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट दुसरी. दूरच्या एखाद्या वस्तीत पाठ्यपुस्तकापलीकडं पहिलंच पुस्तक हातात घेतलेल्या मुलाला कळलं, की हे फक्त माझ्याच घरात घडलेलं नाही. लाज एकट्याची असते तोवर माणूस मान खाली घालून चालतो. ती सगळ्यांची निघाली की त्याच माणसांची संघटना होते. विमुक्त-भटक्यांच्या चळवळीत या पुस्तकांची पारायणं झाली ती काही उगाच नव्हेत.

तोंडी आठवणीलाही एक मर्यादा असते, आणि ती मोठी चमत्कारिक आहे. यान व्हान्सिना हा इतिहासकार मध्य आफ्रिकेतल्या लोकांचा मौखिक इतिहास गोळा करत असे. त्याला एक गोष्ट वारंवार दिसली. लोकांना अलीकडच्या तीनएक पिढ्यांचं बारीकसारीक ठाऊक असतं. फार जुन्या काळाचं, मूळपुरुषाचं, देवमाणसाचंही भरभरून सांगता येतं. मधला काळ मात्र रिकामा. आणि हा रिकामा पट्टा एका जागी थांबत नाही, पिढी पुढं सरकली की तोही पुढं सरकतो. आज जे आजोबांना आठवतं ते नातवाच्या म्हातारपणी त्या पट्ट्यात गडप झालेलं असतं.

आपल्याकडं लावून पाहा. सेवालाल महाराजांच्या कथा तांड्यातलं पोरही सांगेल. आजोबा मुंबईला बांधकामावर कधी गेले, ऊसतोडीची पहिली उचल कुणी घेतली, हेही घरात माहीत असतं. पण मधलं? बैल विकून वाहतूक कायमची थांबली त्या वर्षी घरात काय झालं? मानोऱ्याच्या या डोंगरउतारावर पहिली झोपडी कुणी घातली, पहिला नांगर कुणाकडून उसना आणला, जवळच्या गावानं पाणी भरू दिलं की नाही? एका समाजानं अख्खं जगणं बदललं ते याच काळात, आणि नेमका तोच काळ त्या रिकाम्या पट्ट्यात सापडला आहे. १९३६ साली बळीराम पाटलांनी ‘गोर बंजारा लोकांचा इतिहास’ लिहून त्यातलं काही वाचवलं. पण एका पुस्तकात एका समाजाचा इतिहास मावेल, हजारो घरांचा कसा मावणार?

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं. नंगारा या वाद्याच्या नावानं आणि त्याचीच आठवण करून देणारी चार मजली इमारत, आत १३ दालनं. फेटिया, कांचळी हे कपडे आणि घुगरी, टोपली हे दागिने काचेमागं ठेवता येतात, आणि ठेवायलाच हवेत. पण ज्या बाईनं ती घुगरी पंचवीस वर्षं कानाशी वागवली आणि एका दिवशी कायमची उतरवली, तिचा आवाज काचेमागं येत नाही. तो वेगळा जमवावा लागतो. माझी फार इच्छा आहे की अशा ठिकाणी एक खोली नुसती सांगण्याऐकण्यासाठी असावी. यात्रेला आलेल्या आजीनं यावं, खाली बसावं, आपल्या बोलीत बोलावं आणि ते ध्वनिमुद्रित व्हावं. लिपी तीन असल्या तरी आवाज एकच आहे. इथं टिपलेलं बोलणं कर्नाटकातल्या नातीला जसंच्या तसं कळेल.

घरातल्या गोष्टी ऐकून मुलांचं काय होतं, यावर अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी काम केलं. त्यांनी मुलांसाठी वीस साधे प्रश्न काढले: आजीआजोबा कुठं वाढले, आईबापांची ओळख कशी झाली, घरावर मोठं संकट कधी आलं, असे. ज्या मुलांना जास्त उत्तरं ठाऊक होती ती अडचणीत जास्त खंबीर आढळली. उत्तरं पाठ करून घेतली की मुलं खंबीर होतात असा त्याचा अर्थ नव्हे. ज्या घरात जेवताना, प्रवासात, रात्री झोपताना बोलणं होतं, त्या घरातल्या मुलाला उत्तरं आपोआप ठाऊक होतात, आणि बळ त्या बोलण्यातून येतं.

मग विचारायचं काय? ‘तुमच्या आयुष्याबद्दल सांगा’ म्हटलं तर कुठलीही आजी ‘आमचं काय सांगायचं बाबा’ म्हणून उठून जाईल. बारीक विचारावं लागतं. बैलांची नावं काय होती? लग्नात तुम्हाला ढावलो कुणी शिकवला? पहिल्यांदा एसटीत बसलात तेव्हा कुठं चालला होता? होळीला धुंड कुणाच्या जन्माची झाली होती, लेंगीची गाणी कोण म्हणत होतं? नाव आठवलं की माणूस आठवतो, माणूस आठवला की त्याच्या मागून अख्खं वर्ष येतं.

आणि एक प्रश्न असा आहे की जो फक्त तांड्यात नाही, मानोऱ्याच्या बाजारात, बौद्धवाड्यात, मोहल्ल्यात, कुणब्याच्या ओसरीवर, कुठंही विचारता येईल: बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही काय खाल्लंत? महाराष्ट्रात या प्रश्नावर गप्प बसणारं म्हातारं माणूस मी पाहिलेलं नाही. परदेशातून आलेली लाल मिलो आणि तिच्या भाकरीची चव, सुकडी, खडी फोडायचं काम, हजेरीपटावर अंगठा. तेव्हा राज्याच्या मुख्यमंत्रिपदी इथून जवळच्याच गहुलीच्या तांड्यातून आलेले वसंतराव नाईक होते, हेही लगेच निघतं, आणि त्यावर वादही होतात. त्या कामांवर सगळ्या जातींची माणसं एकाच खड्ड्यात उभी राहून खडी फोडत होती. त्यांच्या घरच्या गोष्टी वेगवेगळ्या आहेत, पण हा एक उन्हाळा सगळ्यांचा आहे आणि तो एकत्र बसून क्वचितच सांगितला गेला आहे. तेव्हा वीस वर्षांचे असलेले आज सत्तरी ओलांडून गेले. अनेकांना नीट ऐकू येत नाही, पण सांगता अजून येतं.